वाफेचं इंजिन : चालवायचं की जपायचं?

लोहमार्गी

नमस्कार मंडळी. इथे रेल्वेवेड्यांची कमी नाही, म्हणून हा प्रश्न इथेच टाकतोय.

स्वयंसेवकांनीच उभ्या केलेल्या आणि तेच चालवत असलेल्या एका छोट्या वारसा रेल्वेत मी सुट्टीच्या दिवशी काम करतो. आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या इंजिनाच्या बॉयलरची मुदत संपत आली आहे. ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी बॉयलर सांगाड्यावरून उचलून, सगळ्या नळ्या काढून आतून-बाहेरून तपासावा लागतो. त्याशिवाय निरीक्षक पुढचं प्रमाणपत्र देत नाही. यावेळी लक्षणं बरी नाहीत. आतली तांब्याची पेटी, म्हणजे फायरबॉक्स, बहुधा नवीनच करावी लागेल. त्यामुळे आमच्यात सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, पैसे जमवू आणि पुन्हा चालवू. दुसरा म्हणतो, एवढं सगळं बदलल्यावर जुनं काय राहिलं? त्यापेक्षा आहे तसं स्वच्छ करून शेडमध्ये ठेवू, लोक येऊन बघतील.

माझा कल चालवण्याकडे आहे. वाफ धरलेल्या इंजिनाजवळ गेलं की गरम तेलाचा वास येतो, अंगाला धग लागते. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की लहान मुलं कान झाकून घेतात, पण जागची हलत नाहीत. थंड इंजिनासमोर तीच मुलं दोन मिनिटांत कंटाळतात. पण दुसऱ्या तटातल्या लोकांना मी जवळून ओळखतो, त्यांचाही जीव इंजिनावर तितकाच आहे. म्हणून तुमची मतं आणि अनुभव हवेत.

कोळसेदादा

चालवा! सविस्तर रात्री लिहितो.

शमा_७

वाचतेय. फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनात ड्रायव्हरच्या जागी, उभं राहायला मिळणार असेल तर मीही चालवा पार्टीत.

मृण्मयी

मी दुसऱ्या तटात, आणि मी धातूच्या वस्तूंचं जतन करते म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

स्टीफन्सन पितापुत्रांचं रॉकेट हे वाफेचं इंजिन १८२९ चं. आज जे रॉकेट आपण बघतो ते रेनहिलला झालेल्या इंजिनांच्या शर्यतीत धावलं तसं दिसत नाही, कारण पहिल्या काही वर्षांतच त्यात मोठे बदल झाले. सिलिंडर आधी चांगलेच तिरपे होते, ते खाली आणून जवळजवळ आडवे केले. हे आपल्याला नक्की कशावरून कळतं? त्या धातूवरच्या खुणांवरून. बुजवलेली भोकं, कापलेल्या कडा, नंतर जोडलेले तुकडे. कोणी उत्साहाच्या भरात त्याला पुन्हा चालतं केलं असतं तर हा सगळा पुरावा भंगारात गेला असता.

चालवणं म्हणजे झिजवणं. प्रत्येक मोठ्या दुरुस्तीत काहीतरी मूळचं निघतं आणि परत येत नाही. ते काढणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला अजिबात शंका नाही. पण ज्यांनी ते इंजिन बांधलं त्यांच्या हाताच्या खुणा एकदा वितळवल्या की संपलं. शंभर वर्षांनी कोणी नवा प्रश्न घेऊन आलं तर उत्तर द्यायला काही शिल्लक हवं.

शिट्टी

मृण्मयीताई, रॉकेटबद्दल शंभर टक्के मान्य. पण रॉकेट एकच आहे. त्याची चालती प्रतिकृती १९७९ मध्ये बनवली आणि मूळ इंजिन शांतपणे संग्रहालयात राहिलं, हा उत्तम मार्ग झाला. लोहमार्गींचं इंजिन त्या जातीचं आहे का, हा खरा प्रश्न.

आणि जुन्या रेल्वे जपण्याची ही सगळी चळवळ सुरू कुठून झाली तेही सांगायला हवं, कारण ती चालवण्यातूनच सुरू झाली. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १८६५ ची, पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेली, रुळांमधलं अंतर जेमतेम ६८६ मिलिमीटर. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी खाण बंद पडल्यावरही गाडी चालू ठेवली. जुलै १९५० मध्ये ते वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात टॉम रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी बर्मिंगहॅममध्ये सभा बोलावली आणि १४ मे १९५१ ला स्वयंसेवकांनी पहिली गाडी सोडली. अशी रेल्वे हौशी लोकांनी चालवायची ही जगातली पहिली वेळ.

त्यांच्याकडे चालण्याजोगं एकच इंजिन होतं, डॉलगॉक. तेही १८६६ चं. शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ मध्ये बंद पडली होती आणि तिच्या रुळांचं माप नेमकं तेच. तिथली दोन इंजिनं यांनी ब्रिटिश रेल्वेकडून प्रत्येकी २५ पौंडांत उचलली. ही इंजिनं तेव्हा 'जपून' ठेवली असती तर त्यांच्याभोवती माणसं जमलीच नसती, आणि माणसं नसती तर इंजिनंही राहिली नसती.

खडीवाले काका

शिट्टी, कॉरिसच्या इंजिनाची पुढची गोष्ट राहिली. तीन नंबरचं इंजिन टॅलिलिनवर चालवायला काढलं तर ते रुळांच्या मधोमध खाली बसायला लागलं! त्याच्या चाकांची धाव अरुंद होती आणि टॅलिलिनचे रूळ झिजून, स्लीपर कुजून इतके फाकले होते की चाकाला बसायला जागाच उरली नव्हती. त्या काळात तिथले रूळ गवताच्या मुळांनी धरून ठेवले होते असं म्हणतात, ते फार खोटं नसावं.

सांगायचा मुद्दा हा, की इंजिनाबद्दल सगळे बोलतात, रुळांबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या टोळीत पावसातही काम चालतं. जुन्या पद्धतीच्या रुळात रूळ आणि त्याला धरणारी बिडाची खुर्ची यांच्यामध्ये लाकडी पाचर असते. उन्हाळा कोरडा गेला की लाकूड आक्रसतं आणि पाचरी सुटतात. मग हातोडा घेऊन मैलच्या मैल चालायचं आणि प्रत्येक पाचर पाहायची. घट्ट असेल तर हातोड्याचा आवाज भरीव येतो, सुटलेली असेल तर बद्द. दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फिशप्लेटी, सोडवायच्या, वंगण द्यायचं, पुन्हा आवळायच्या. ओढ्याच्या मोऱ्या साफ करायच्या. हे केलं नाही तर तुमचं इंजिन हिऱ्यांनी मढवलेलं असलं तरी शेडबाहेर पडणार नाही.

लोहमार्गी, तुमच्या सभेत हिशोब मांडताना रुळांचा खर्च धरला आहे ना, ते आधी बघा.

शमा_७

काका, पाचरीवर हातोडा मारायला मी येऊ शकते का? प्रामाणिकपणे विचारतेय. गाडी चालवायला शिकायला किती वर्षं लागतात तेही कोणीतरी सांगा.

कोळसेदादा

आता सविस्तर.

शमा, आधी तुझं. जुन्या रेल्वेत होती तीच शिडी आजही बहुतेक ठिकाणी आहे: क्लीनर, मग कोळसा घालणारा फायरमन, मग ड्रायव्हर. क्लीनर म्हणजे चिंध्या आणि तेल घेऊन चाकांमधली चिकट घाण काढणारा. यात अपमान काही नाही. पुसताना तुमचा हात प्रत्येक बोल्टवरून, प्रत्येक जोडावरून फिरतो, आणि तडा गेलेला स्प्रिंगचा पट्टा किंवा सैल झालेली खिटी सगळ्यात आधी क्लीनरलाच सापडते. प्रत्येक पायरीवर नियमांची परीक्षा, प्रत्यक्ष परीक्षा. हौसेने काम करणारा ड्रायव्हर होईपर्यंत कित्येक वर्षं जातात, आणि ते योग्यच आहे.

आता पहाटेबद्दल, कारण 'चालवणं' म्हणजे काय हे तिथे कळतं. प्रवासी दहाला येणार म्हणून आम्ही अंधारात येतो. आल्याआल्या काडी ओढायची नाही. पहिलं काम पाणी बघणं. गेज ग्लासात, म्हणजे बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत, पाणी दिसतं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, बॉयलरमध्ये खरंच तेवढं आहे का ते पाहायचं. मग दिवा घेऊन फायरबॉक्सचं दार उघडायचं आणि आत वर बघायचं: छतातले शिशाचे प्लग ठिबकतायत का, स्टेच्या (आतला-बाहेरचा पत्रा जोडून धरणाऱ्या खिट्यांच्या) डोक्यांपाशी कुठे पांढरी रेघ उमटली आहे का. पांढरी रेघ म्हणजे तिथून पाणी पाझरून सुकलंय. कालची राख काढायची, जाळीत अडकलेला क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, सळईने फोडायचा, पुढे चिमणीखालचा स्मोकबॉक्स उघडून काजळी उपसायची, दार पुन्हा घट्ट लावायचं, कारण तिथून हवा आत गेली तर धग धरत नाही. त्यानंतर चिंध्या, लाकूड आणि थोडा कोळसा.

आणि मग थांबायचं. तांबं आणि पोलाद सारखं प्रसरण पावत नाही, म्हणून बॉयलर सावकाश तापवावा लागतो. लहान नॅरोगेज इंजिनाला तीन-चार तास, मोठ्याला त्याहून किती तरी जास्त, कधी आदल्या दिवशीच हलकी आग घालून ठेवतात. घाई केली तर त्याच दिवशी काही होत नाही. नळ्यांचे जोड सुटायला लागतात ते पुढच्या मोसमात दिसतं. वाफ आली की गेज ग्लास फुंकून बघायचा: वरचा-खालचा कॉक आळीपाळीने बंद करायचा, निचऱ्याचा उघडायचा, आणि पुन्हा सोडल्यावर पाणी काचेत उसळी मारून झटकन पातळीवर आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर वाट कुठेतरी चोंदली आहे.

मृण्मयी, तू म्हणतेस ते धातूचं खरं आहे. पण वरचं सगळं मी कागदावरून शिकलो नाही. मला ते एका म्हाताऱ्या फायरमनने शेजारी उभं राहून शिकवलं, आणि त्याला त्याच्या आधीच्याने. 'थोडा थोडा, वारंवार' असा कोळसा घालायचा, कोपरे आधी भरायचे, धूर काळा झाला की हवा दे, एकदम स्वच्छ झाला की पुढचं फावडं तयार ठेव. हे ज्ञान जपायला संग्रहालयात कपाट नाही. इंजिन थंड झालं की एका पिढीत ते संपतं.

सावळा_गोंधळ

कोळसेदादांच्या प्रतिसादाला सलाम. वाचनखूण साठवली.

एक शंका. फोटोत इंजिन काळाकुट्ट धूर ओकताना फार देखणं दिसतं. ते चुकीचं असतं का?

कोळसेदादा

बऱ्याचदा फोटोवाल्यांसाठी मुद्दाम केलेलं असतं. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे आकाशात उडालेले पैसे. चांगल्या फायरमनच्या चिमणीतून हलकी राखाडी झाक दिसते, बस.

मृण्मयी

दादा, तुमचा ज्ञानाचा मुद्दा मला पटतो आणि मी तो मनापासून घेते. पण मग उलट विचारते: ते ज्ञान टिकवायला इंजिन जुनंच हवं का? ब्रिटनमधली ए१ जातीची सगळी ४९ इंजिनं १९६६ पर्यंत भंगारात गेली होती. १९९० मध्ये काही लोकांनी ठरवलं की पन्नासावं बांधायचं, आणि २००८ मध्ये 'टॉर्नेडो' उभं राहिलं. मूळ आराखड्यांवरून, लोकांनी महिन्याला थोडे थोडे दिलेल्या पैशांतून. बॉयलर जर्मनीत माइनिंगेनच्या कारखान्यात झाला. त्यावर नवे फायरमन शिकले, ते वेगाने पळतंही, आणि एकही ऐतिहासिक पत्रा खर्ची पडला नाही. हा रस्ता मला सगळ्यात स्वच्छ वाटतो.

शिट्टी

टॉर्नेडोचं कौतुक आहेच. पण ती अठरा वर्षं आणि तो पैसा एखाद्या छोट्या रेल्वेच्या आवाक्यातला नाही.

पैशांवरून आठवलं. फ्लाइंग स्कॉट्समन हे प्रसिद्ध इंजिन १९६३ मध्ये ॲलन पेग्लर यांनी ३,००० पौंडांना घेतलं. २००४ मध्ये राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते २३ लाख पौंडांना घेतलं. मग दुरुस्ती निघाली ती २००६ पासून २०१६ पर्यंत चालली आणि खर्च ४२ लाख पौंडांवर गेला. उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही आणि उघडल्यावर थांबता येत नाही. लोहमार्गींनी हे मनात ठेवावं. अंदाजपत्रक दुप्पट धरा.

गार्डसाहेब

उशिरा आलो. मी गाडीच्या मागच्या टोकाला असतो, त्यामुळे माझा मुद्दा वेगळा: चालवायचं असेल तर नियमांची शिस्त तेवढीच जपता येईल का, ते आधी बघा.

एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात त्या टप्प्याचं टोकन, म्हणजे टप्प्याचं नाव असलेली परवान्याची खूण, असल्याशिवाय गाडी हलत नाही. टोकन एकच बाहेर निघतं, म्हणून समोरून दुसरी गाडी येऊच शकत नाही. इतकी साधी आणि भक्कम पद्धत. तरी २६ जानेवारी १९२१ ला वेल्समध्ये ॲबरम्यूलला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, १७ माणसं गेली. यंत्रं ठीक होती. स्टेशनवर टोकन या हातातून त्या हातात गेलं, ड्रायव्हरने जे टोकन आणून दिलं होतं तेच त्याला परत मिळालं, आणि त्यावरचं नाव कोणी वाचलं नाही. पगारी, अनुभवी माणसं होती सगळी.

आमच्याकडे नवीन मुलांना हे पहिल्या दिवशी सांगतात. टोकन हातात आलं की त्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं, फायरमननेही वाचायचं. रोजची तीच माणसं, तेच दोन टप्पे, तरी वाचायचं.

कोळसेदादा

गार्डसाहेब, फार योग्य वेळी आलात. याच जातीचं बॉयलरमधलं उदाहरण: जून १९९५, अमेरिकेत गेटिसबर्गजवळ पर्यटकांची गाडी ओढणाऱ्या इंजिनात पाणी कमी पडलं आणि फायरबॉक्सचं छत फाटलं. फूटप्लेटवरची तिघं भाजली. चौकशीत दिसलं की गेज ग्लासाकडे जाणारी वाट क्षाराने चोंदली होती, पाण्यावर नीट प्रक्रिया होत नव्हती. त्यानंतर तिथे वाफेच्या इंजिनांचे नियम १९९९ मध्ये नव्याने लिहिले गेले. मी वर काच फुंकण्याबद्दल एवढं का लिहिलं ते कळलं असेल.

सावळा_गोंधळ

अवांतर: अमेरिकेवरून आठवलं, युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने ते अवाढव्य बिग बॉय इंजिन २०१९ मध्ये चालतं केलं ना? कोळसेदादा तिथे असते तर किती फावडी लागली असती!

कोळसेदादा

एकही नाही. ते तेलावर केलंय. 🙂 आणि ते कंपनीचं काम, पगारी माणसांचं. हौशी माणसांची कामगिरी अमेरिकेत बघायची तर कंब्रेस अँड टोल्टेक रेल्वे बघ. १९७० मध्ये कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी मिळून ६४ मैलांचा मार्ग विकत घेतला आणि स्वयंसेवक तिथे येऊन जुने डबे, पाण्याच्या टाक्या, इमारती दुरुस्त करतात.

नीलकंठ

सगळं वाचलं. आनंद वाटला, पण एक कडू गोष्ट कोणीतरी बोलायला हवी: कोळसा. दक्षिण वेल्समधली फोस-इ-फ्रान खाण २०२३ मध्ये बंद झाली. ब्रिटनमधल्या किती तरी वारसा रेल्वे तिच्या कोळशावर होत्या. आता परदेशातून आणायचा. प्रत्येक गाडीमागे धूर, आणि तो करायला समुद्रापलीकडून कोळसा. ज्या पोरांसाठी हे चालवता असं म्हणता त्या पोरांनाच उद्या हे बरोबर वाटेल का? म्हणून माझं मत मृण्मयींच्या बाजूने.

शिट्टी

नीलकंठ, प्रश्न खरा आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. कोळशाची भुकटी आणि वनस्पतीजन्य पदार्थ एकत्र दाबून केलेलं इंधन अनेक रेल्वेंनी वापरून पाहिलंय.

कोळसेदादा

आम्हीही पाहिलंय. धूर कमी. पण आग वेगळी वागते, फायरमनला पुन्हा शिकावं लागतं. माझ्या मते ते शिकावं. कमी दिवस चालवा, कमी फेऱ्या करा, पण इंजिन गरम ठेवा.

नीलकंठ

कमी दिवस, हे पटलं. रोज उठून चालवायचा अट्टहास नसेल तर माझा विरोध बराच बोथट होतो.

राधिका_वि

इथे सगळे इंजिन, रूळ, कोळसा म्हणतायत. माझा मुलगा पंधराचा आहे आणि त्याचा जीव याच्यात अडकलाय. आमच्या जवळच्या वारसा रेल्वेने त्याला सांगितलं की सोळाचा झाल्यावर ये. तो इतका हिरमुसला. नियमच तसा आहे का?

गार्डसाहेब

राधिकाताई, १९२० चा एक जुना ब्रिटिश कायदा आहे, बायका, तरुण आणि मुलांच्या कामाबद्दलचा. खाणी-कारखान्यांतून मुलांना सोडवायला केलेला, हेतू अतिशय चांगला. त्यात 'औद्योगिक' कामांच्या यादीत रेल्वेही येते, आणि म्हणून शाळकरी वयाच्या स्वयंसेवकांबद्दल रेल्वे कचरतात. हा अर्थ बदलावा म्हणून ब्रिटिश संसदेत प्रयत्नही झाले. त्याला म्हणावं नाराज होऊ नकोस. तोपर्यंत नियमपुस्तक वाच, सिग्नल शीक.

माझ्या मते तुमच्या मुलाचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे. आमच्या सिग्नल केबिनमधली निम्मी माणसं सत्तरी ओलांडलेली आहेत.

खडीवाले काका

माझ्या टोळीत मी तरुण म्हणून ओळखला जातो. माझं वय इथे लिहीत नाही.

शिट्टी

माणसं येतात हो, काम मोठं असलं की येतात. वेल्समधल्या फेस्टिनिओग रेल्वेचा जुना मार्ग वीज प्रकल्पाच्या तलावाखाली गेला. स्वयंसेवकांनी काय केलं? १९६५ मध्ये कुदळ-फावडी घेऊन डोंगर खणायला घेतला. ड्युआल्ट या ठिकाणी मार्ग स्वतःभोवती फिरवून वर चढवला, नवा बोगदाही झाला. १९७८ पर्यंत ते काम चाललं, आणि १९८२ मध्ये गाडी शेवटच्या स्टेशनपर्यंत पोहोचली. शनिवार-रविवारी येणारे विद्यार्थी होते त्यात, शिक्षक होते, ऑफिसात बसणारे होते.

इंग्लंडमधल्या ब्लूबेल रेल्वेवाल्यांना ईस्ट ग्रिनस्टेडपर्यंत जायचं होतं तर मधल्या खोलगट वाटेत पूर्वी गावाचा कचरा भरून टाकलेला. तो त्यांनी उपसला, त्यातला बराचसा रेल्वेनेच वाहून नेला, आणि २०१३ मध्ये गाडी नेली. ऑस्ट्रेलियात पफिंग बिली रेल्वेचा मार्ग १९५३ मध्ये दरड कोसळून तुटला, रेल्वेने तो बंद केला. १९६२ मध्ये लोकांनी पहिला टप्पा सुरू केला आणि गेम्ब्रुकपर्यंतचा शेवटचा टप्पा १९९८ मध्ये. मधली छत्तीस वर्षं कोणी ना कोणी काम करतच होतं.

मृण्मयी

शिट्टी, हे वाचून खरंच भारावले. आणि म्हणूनच लोहमार्गींना एक सुचवते. भांडण 'चालवायचं की नाही' यावर करण्याआधी फायरबॉक्स मोजून घ्या. अल्ट्रासॉनिक उपकरणाने पत्र्याची जाडी जागोजागी मोजता येते, काहीही न कापता. चौकोन आखा, प्रत्येक चौकोनाचा आकडा लिहा. मग कळेल खरोखर काय बदलावं लागणार आहे. आणि जे काढाल ते भंगारात देऊ नका. फोटो काढा, शिक्के-आकडे टिपून ठेवा, तुकड्याला चिठ्ठी लावा, शेडमधल्या एका फळीवर ठेवा. एवढं केलंत तर मी विरोध मागे घेते.

लोहमार्गी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण मृण्मयीताईंच्या सूचनेवर काम चालू होतं. त्यांचा प्रतिसाद छापून सभेत वाचून दाखवला आणि त्यानंतर दोन्ही तटांनी मिळून मोजमाप केलं. निम्मे लोक आत, निम्मे बाहेर आकडे लिहायला.

निकाल असा: वरचा भाग, छत आणि नळ्यांचा पत्रा, अपेक्षेपेक्षा खूपच चांगला निघाला. झीज आहे ती खाली, आगीच्या रेषेपाशी, दोन्ही बाजूंना. त्यामुळे पूर्ण नवा फायरबॉक्स नको, बाजूंचा खालचा अर्धाच भाग नवा बसवायचा आणि त्या भागातले स्टे नवे. बॉयलर निरीक्षकांनाही ते मान्य आहे. काढलेलं तांबं विकायचं नाही, असा ठराव झाला. तो ज्यांनी मांडला ते 'शेडमध्ये ठेवा' म्हणणाऱ्यांपैकीच. नीलकंठ, मोसमातले दिवसही कमी केलेत. आणि काका, रुळांचा खर्च धरला. आकडा बघून खजिनदार बराच वेळ काही बोलले नाहीत.

मृण्मयी

उत्तम झालं. मोजमापाचा तक्ता जपून ठेवा, पुढच्या मुदतीला त्याच चौकोनांवर पुन्हा मोजा. झीज किती वेगाने होते ते तेव्हाच कळेल.

खडीवाले काका

स्टे बसवायला हात किती लागतील?

लोहमार्गी

बरेच, काका. तांब्याचे स्टे दोन्ही पत्र्यांत आट्यांनी बसवायचे आणि मग टोकं हातोड्याने ठोकून डोकं करायचं. एक आत, एक बाहेर आधार धरून. आतल्याला फायरबॉक्सच्या दारातून आत शिरता आलं पाहिजे, आमच्यापैकी बऱ्याच जणांना ते आता जमत नाही.

शमा_७

मी येते. मला जमेल. कानांना लावायचं तिथे मिळतं की घेऊन येऊ?

कोळसेदादा

कानांचं आणि चष्म्याचं तिथे मिळतं. बूट मात्र स्वतःचे आण, बोटांवर पोलादी टोपी असलेले. आणि आत पाय टाकण्याआधी आतली हवा तपासून परवानगीचा कागद झाला आहे ना, ते तू स्वतः विचारायचं. कोणी 'चल गं, काही होत नाही' म्हणालं तरी विचारायचं.